जंगलाचा रोजचा खर्च कोण करतं?

दिल्लीत जोरबागच्या इंदिरा पर्यावरण भवनात केंद्राचं वन मंत्रालय आहे. मेळघाट, ताडोबाच्या खर्चात केंद्राचा वाटा याच मंत्रालयाचा. १९७३च्या व्याघ्र प्रकल्पात इमारती, वाहनांसारख्या एकदाच्या खर्चात केंद्र ६० टक्के देतं. रोजचा खर्च मात्र केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात.

रोजचा खर्च म्हणजे काय? जंगलातल्या संरक्षण कुटीत राहणाऱ्या वनमजुराची मजुरी, त्याचं रेशन, गस्तीच्या जीपचं डिझेल, वायरलेसची बॅटरी, पाणवठ्यावरच्या सौरपंपाची दुरुस्ती. वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी गवत कापून, जाळून जाळरेषा काढावी लागते. तेव्हा पैसा उशिरा आला, तर उपयोग नाही.

रोजच्या खर्चाचं हेच दुखणं आफ्रिकेतही आहे; तिथल्या एका उद्यानाने काढलेला मार्ग बघा. रवांडाच्या अकागेरा उद्यानाचा कारभार २०१०पासून सरकार आणि ‘आफ्रिकन पार्क्स’ ही संस्था मिळून पाहतात. देणग्यांना पर्यटनाच्या उत्पन्नाची जोड मिळते. आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या २००६च्या दुरुस्तीने व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानं आली. पर्यटकांचं प्रवेशशुल्क त्यामुळे त्याच जंगलासाठी वापरता येतं.

वाघ दत्तक घेण्यासाठी हात पटकन पुढे येतात. वनमजुराच्या पगारासाठीही ते यायला हवेत, कारण वाघ त्याच्याच पहाऱ्यावर जगतो.