लोखंडी नांगर कोणी घेईना!

मुलांनो, वाचनाच्या तासाला 'चिकाटी' हा शब्द आला, तेव्हा कोणी त्याचा अर्थ 'हट्ट' सांगितला, तर कोणी 'खूप मेहनत'. दोन्ही अर्थ जवळचे आहेत, पण नेमके नाहीत. हा शब्द 'चिकटणे' या क्रियापदाच्या घरातला. कामाला चिकटून राहणे म्हणजे चिकाटी. पण धंदा करणाऱ्या माणसाने नक्की कशाला चिकटून राहायचे? ते सांगण्यासाठी आम्ही एका नांगराची गोष्ट निवडली आहे. आपल्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी स्वतःचे दुकान किंवा लहानशी कंपनी आहे, तेव्हा आई-बाबांनीही ती वाचावी.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आले की आपल्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठी अडचण ती कोणती! त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडल्या नाहीत. यंत्रांची चित्रे काढायला ते शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे १८८८ पासून त्यांचा आणि थोरले बंधू रामूअण्णा यांचा सायकलींचा धंदा होता.

सायकलींवरून ते शेतीच्या अवजारांकडे वळले. कडबा, म्हणजे गुरांना घालायची वाळलेली ज्वारीची ताटे, कापायचे यंत्र त्यांनी केले आणि मग लोखंडी नांगर केला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो, ढेकळे उलटी करतो आणि हरळीसारखे चिवट गवत मुळासकट वर काढतो. एवढे चांगले अवजार, पण घ्यायला कोणी तयार होईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असे शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

"किती वेडे शेतकरी!" असे म्हणून हसू नका. हेच शब्द इथे अमेरिकेतही उच्चारले गेले होते, तेही शंभर वर्षे आधी. न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ मध्ये बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही जमिनीत विष होईल म्हणून तो नाकारला. न्यूबोल्डने बराच पैसा घातला आणि शेवटी नाद सोडला. त्याच्या नांगराची एक खरी अडचणही होती. तो जवळजवळ एकसंध ओतलेला होता. टोक झिजले की सगळाच बदलावा लागे. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या जेथ्रो वुडने १८१९ मध्ये असा नांगर केला, की त्याचे झिजलेले भाग सुटे काढून नवे बसवता येत. तो शेतकऱ्यांनी उचलून धरला. विषाची भीती होती, पण तिच्या मागे एक साधा हिशेबही होता: "मोडला तर मी काय करू?"

आमच्या मते बेळगावच्या शेतकऱ्याचाही असाच हिशेब असणार. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करून देई आणि सुगीत त्याला धान्य मिळे. यालाच बलुते म्हणत. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे, आणि तो मोडला तर कोणाच्या दारात जायचे? विकणाऱ्याने आपलाच माल कसा चांगला हे शंभरदा सांगितले तर तो हट्ट झाला. घेणारा नाही का म्हणतो, हे शोधत बसला तर ती चिकाटी.

आणखी एक गोष्ट पालकांना लगेच पटेल. ही दोन वर्षे काढायची तर घरात चूल पेटायला हवी. किर्लोस्कर बंधूंचा आधी जम बसलेला धंदा होता, म्हणून नांगराला थांबायला वेळ मिळाला. थोरांच्या चरित्रांत हा भाग एका ओळीत उरकतात, हे आम्हाला खटकते.

नांगर खपू लागले तेव्हा नवेच संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि ती सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. माळ कसला, नुसते निवडुंग आणि साप! तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी तिथे काम दिले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळाल्या. त्या वितळवून नांगर झाले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव बॉस्टनजवळच्या एम.आय.टी.मधून १९२६ मध्ये इंजिनिअर होऊन परतले. (आणि हो, १९२० मध्ये या कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्रक काढले. त्याचेच पुढे मोठे मासिक झाले. आमच्या झेरॉक्सच्या पानांना हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे!)

आता मागे वळून पाहा. लक्ष्मणरावांनी चित्रकला सोडली, नोकरी सोडली, बेळगावही सोडले. म्हणजे सोडून देणारा माणूस चिकाटीचा नसतो, असे नाही. आपल्याकडे कोणाचे दुकान बंद झाले की मंडळाच्या गणपतीत "त्यांचा धंदा बसला" अशी कुजबूज होते, आणि त्यांची मुले ती ऐकतात. ही कुजबूज आम्हाला आवडत नाही. भाड्याचे पैसे निघत नसताना दुकान वेळेवर मिटवून, सगळ्यांची देणी फेडून पुन्हा दुसरे काही उभारणाऱ्या माणसाला हिंमत कमी लागत नाही.

पुढच्या अंकासाठी एक काम. घरी आई-बाबांना किंवा तुमच्या ओळखीच्या वाणसामानाच्या दुकानातल्या काका-मावशींना विचारा: "तुमच्याकडची कोणती वस्तू कोणी घेईना? आणि का?" उत्तर चार-पाच ओळींत मराठीत लिहून आणा. काना-मात्रेच्या चुकांची काळजी नको, त्या आम्ही बघू.