छाटणीच्या कात्रीची बॅटरी आणि बांधावरचा मोबाईल

सन 2021 च्या 15 ऑगस्टपासून महाराष्ट्रांत पिकांच्या नोंदीचें काम तलाठ्याच्या वहींतून निघून खातेदाराच्या हातांतील मोबाईलवर आलें. ई-पीक पाहणीचें हें काम घरीं बसून होत नाहीं. शेतांत जाऊन, उभ्या पिकाचें छायाचित्र काढून तें करावें लागतें. नोंद राहून गेली तर सात-बाऱ्यावरील पिकाचा रकाना कोरा राहतो, आणि हमीभावाची खरेदी, पीकविमा किंवा नुकसानीची मदत यांची वेळ आली कीं तो कोरा रकानाच आडवा येतो. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यानें कोऱ्या रकान्याची किंमत आम्हांस पुरती ठाऊक आहे. तेव्हां ऐन वेळीं मळ्यांत मोबाईल बंद पडणें ही आतां क्षुल्लक गोष्ट राहिलेली नाहीं. शेतीपंपाची वीज पाळीनें येते, आणि ज्याचें शेत गांवापासून दोन कोसांवर आहे त्यानें चार्जिंगसाठीं माघारी यावयाचें म्हणजे अर्धा दिवस बुडाला.

तथापि त्याच शेतांत विजेचा एक बरा सांठा पुष्कळदां पडून असतो. द्राक्षबागेंत खरड छाटणीस व गोडी छाटणीस हल्लीं बॅटरीवर चालणारी कात्री वापरतात. फांद्या तोडण्याची लहान करवत, ड्रिल यंत्र यांसही तसलीच काढतां-घालतां येणारी बॅटरी असते. तिच्यावर मोबाईल चार्ज करतां येतो काय, असें पुष्कळ शेतकरी विचारतात. येतो, परंतु त्यास एक अट आहे, व ती न पाळल्यास मोबाईल आणि बॅटरी दोन्ही गमावण्याची पाळी येते.

ह्या बॅटरीच्या डब्यांत लिथियम-आयन जातीचे बोटाएवढे सेल असतात. असले सेल सोनी कंपनीनें 1991 सालीं प्रथम बाजारांत आणले, व त्यांच्या मागील संशोधनाबद्दल तिघां शास्त्रज्ञांस 2019 चें नोबेल पारितोषिक मिळालें. एका सेलचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट, पुरता भरल्यावर 4.2 व्होल्ट. असे पांच सेल एकापुढें एक जोडले म्हणजे 18 व्होल्ट होतात, आणि पूर्ण भरल्यावर 21. म्हणून एका डब्यावर 18, दुसऱ्यावर 20 व तिसऱ्यावर 21 असा आंकडा दिसला तरी वस्तु बहुधा एकच असते. कांहीं स्वस्त डब्यांवर तर 48 किंवा 88 असेही आंकडे छापतात, आणि उघडून पाहिलें तर सेल पुष्कळदां पांचच! आंकडा पाहून पैसे मोजणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

आतां अट. साधा मोबाईल 5 व्होल्ट मागतो. जलद चार्ज होणारा मोबाईल चार्जरशीं जुळवून अधिक दाब घेतो खरा, पण न जुळवितां 21 व्होल्ट थेट आंत गेले तर तो जळेल. उंच टाकीचें पाणी दाब न उतरवितां ठिबकच्या नळींत सोडावें तसाच हा प्रकार होय. तेव्हां बॅटरीच्या पत्र्यांस तारा लावून मोबाईल जोडणें हा उद्योग कोणींही करूं नये. मध्यें दाब उतरविणारा अडॅप्टर पाहिजेच. मकिता, बॉश, डीवॉल्ट वगैरे कंपन्या आपापल्या बॅटरीवर टोपीसारखा सरकवून बसविण्याचा अडॅप्टर विकतात; त्यास यूएसबीची खोबण असते. एका कंपनीचा दुसरीच्या बॅटरीवर बसत नाहीं, कारण खांचा निराळ्या.

एक भरलेली बॅटरी किती मोबाईल भरील, ह्या हिशेबांत पुष्कळ लोक फसतात. मोबाईलवर 5000 मिलिअँपियर-तास लिहिलेलें असतें, आणि कात्रीच्या बॅटरीवर 4 अँपियर-तास, म्हणजे 4000 मिलि. हें पाहून लहान भांड्यानें मोठें कसें भरावें, असें वाटतें. पण नुसत्या अँपियर-तासांची तुलना म्हणजे गुंठे न पाहतां नुसती बांधाची लांबी मोजणें होय. व्होल्टनें गुणल्यावांचून खरी शक्ति कळत नाहीं. मोबाईल : 5 गुणिले 3.85, म्हणजे सुमारें 19 वॉट-तास. बॅटरी : 4 गुणिले 18, म्हणजे 72 वॉट-तास. दाब उतरवितांना व चार्ज होतांना उष्णतेंत जाणारा चौथा हिस्सा वजा केला तरी 54 उरतात. म्हणजे जवळजवळ पावणेतीन मोबाईल. 2 अँपियर-तासांची लहान बॅटरी असेल तर सुमारें दीड. वेळ मात्र लागतो : 5 व्होल्ट व 2 अँपियर देणारा अडॅप्टर ताशीं 10 वॉट-तासच देतो, तेव्हां रिकामा मोबाईल भरण्यास दोन तासांहून अधिक धरावे.

दुसरा धोका दिसत नाहीं म्हणून अधिक वाईट. सेलचा दाब 2.5 व्होल्टच्या खालीं उतरला कीं त्याची कायमची हानि होऊं लागते. कात्री चालतां चालतां आपोआप थांबते ती ह्याच कारणासाठीं. परंतु कांहीं बनावटींत ही थांबविण्याची सोय यंत्रांत असते, बॅटरींत नसते. असल्या बॅटरीवर हलका अडॅप्टर लावून ठेवला तर ती तळापर्यंत उपसली जाते. मोबाईल जोडलेला नसला तरीही अडॅप्टर थोडी थोडी वीज खातच असतो. सबब बॅटरीवरील शेवटचा दिवा राहिला कीं थांबावें, आणि काम होतांच अडॅप्टर काढून ठेवावा.

पाठीवरच्या फवारणी पंपांत पुष्कळदां 12 व्होल्ट, 8 अँपियर-तासांची ॲसिडची बॅटरी असते. तिच्यावर मोटारींत लावण्याचा चार्जर चालतो. तारेंत फ्यूज अवश्य घालावा. हिशेबानें ती 96 वॉट-तासांची. परंतु ही जात निम्म्याहून अधिक उपसल्यास लवकर खराब होते, आणि उतरलेली तशीच पडूं दिली तर आणखी लवकर. शिवाय औषध मारलेल्या हातांनीं मोबाईल हाताळून तोच कानाशीं लावणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. पंपावर चार्ज करावयाचें तर हात धुवून, पंप स्वच्छ करून, मगच करावें.

ज्यापाशीं असली कात्री वा यंत्र नाहीं त्यानें केवळ मोबाईलसाठीं त्यांची बॅटरी घेऊं नये. 10000 मिलिअँपियर-तासांची साधी पॉवर बँक 37 वॉट-तासांची असते, किंमत कमी व खिशांत मावते. ज्यापाशीं आहे त्यास मात्र अडॅप्टरचाच काय तो खर्च.

चार्ज करतांना बॅटरी व मोबाईल दोन्ही झाडाच्या सावलींत ठेवावीं, उन्हांत तापलेल्या ट्रॅक्टरच्या पत्र्यावर नव्हे. बॅटरी फुगली, तडकली किंवा पाण्यांत पडली असल्यास ती पुन्हां वापरूं नये, उघडूं नये, कचऱ्यांत अगर उकिरड्यावर टाकूं नये. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हां ज्या दुकानांतून ती घेतली तेथेंच प्रथम विचारावें.