‘निर्गुडा’ पडद्यावर कशी उमटते?

वणीजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव ‘निर्गुडा’. मोबाइलमध्ये ते आठ संकेतांच्या रांगेत साठवलेलं असतं: न, पहिली वेलांटी, र, हलन्त, ग, पहिला उकार, ड, काना. हा क्रम उच्चाराचा. पडद्यावर मात्र वेलांटी ‘न’च्या अलीकडे आणावी लागते आणि ‘र’चा रफार करून ‘ग’च्या डोक्यावर चढवावा लागतो. ही उठाठेव ब्राउझरमधलं रेंडरिंग इंजिन करतं.

संकेतस्थळाचा मजकूर वाचून इंजिन त्याची रचना लावतं, प्रत्येक चौकटीची जागा मोजतं आणि मग पान रंगवतं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये अक्षरजुळणी ‘हार्फबझ’ या मुक्त प्रणालीकडे असते. ती मुख्यतः बेहदाद इस्फाहबोद यांनी घडवली. पण जुळणीचे नियम फॉन्टमध्येही असावे लागतात. विंडोज २०००मधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट मुंबईचे र. कृ. जोशी यांचा. त्याआधी मराठी दैनिकांची संकेतस्थळं आपापले फॉन्ट वापरत. तो फॉन्ट संगणकात नसला, की बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसे. जोशींचं ऋण आपण पुरेसं मानलेलं नाही.

इंजिनांची वंशावळही वाचण्यासारखी आहे. केडीई या स्वयंसेवी प्रकल्पातल्या ‘केएचटीएमएल’वरून ॲपलनं वेबकिट काढलं आणि २००३ साली सफारी आणला. गूगलचा क्रोम २००८मध्ये त्याच वेबकिटवर उभा राहिला. २०१३मध्ये गूगलनं त्यातून ब्लिंक वेगळं केलं. त्याच वर्षी ऑपेरानं स्वतःचं प्रेस्टो सोडलं. पुढे मायक्रोसॉफ्टचा एजही २०२०मध्ये ब्लिंकवर आला. आता ब्लिंक, वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको हीच मोठी इंजिनं उरली आहेत. मला ही घट काळजीची वाटते. फक्त क्रोमवर तपासून पान प्रसिद्ध केलं, तर बाकीच्या इंजिनांत मराठी कुठे बिघडली हे कळणारच नाही. दिलासा एवढाच, की या तिन्ही इंजिनांचा गाभा खुला आहे. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झालेला दिसला, तर वणीच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही ती चूक थेट इंजिन घडवणाऱ्यांना कळवू शकतो.

आणखी एक काम तर आजच होण्याजोगं आहे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पानाच्या संकेतात भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, अशी नोंदवलेली असेल तरच इंजिन आपलं वळण निवडतं. नगरपरिषद असो, बाजार समिती असो वा शाळा, मराठी पान बनवून घेताना ही नोंद आहे की नाही, हे कंत्राटदाराला आवर्जून विचारावं.