दोघांनाच विचारा

आमची हयात कामाच्या वाटणीवरून भांडण्यात गेली. म्हणून एकत्र राबणाऱ्या संगणकांमधला हा प्रश्न आम्हांला परका वाटला नाही. आलेले काम डोळे मिटून वाटले, तर एकाच्या दारी रांग लागते आणि शेजारचा रिकामा बसतो. सर्वांत मोकळा कोण हे सगळ्यांना विचारावे, तर तोवर ती यादी शिळी होते आणि सारे वाटपे त्याच एकावर तुटून पडतात. मुकादमांचीही हीच खोड! १९९४ साली अझर, ब्रोडर, कार्लिन व उपफाल यांनी गणिताने तोड दाखविली : चिठ्ठ्या टाकून दोनच संगणक निवडावेत, त्यांतल्या कमी भाराच्याला काम द्यावे. १० लाख संगणकांवर १० लाख कामे एकेका चिठ्ठीने टाकली, तर कुणाच्या तरी माथी ८-९ येतात. दोघांना विचारले, तर सहसा ४. तिसऱ्याला विचारून फारसे पदरात पडत नाही.