फुटकी बादली आणि फुटबॉल

हुडकेश्वर हे नागपूरच्या दक्षिण अंगाचे जुने खेडे. आता ते शहरात सामावले आहे. शेतांचे लेआउट पडले, त्यांवर बंगले उठले. तरी एखादा प्लॉट रिकामा राहतोच. रिकामा प्लॉट म्हटला की पोरे आली, धुरळा आला आणि चेंडूही आला. तो कुंपणात पडला की आपण खिडकीतून ओरडतो, “कुणाची रे ही पोरं?”

याच शहरातील एका क्रीडाशिक्षकांनाही हा प्रश्न पडला होता; पण त्यांचा सूर निराळा होता.

विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजातले शिक्षक. गोष्ट २००१ च्या सुमाराची. पावसाची सर आली म्हणून ते झाडाखाली थांबले. समोर झोपडपट्टीतील पोरे चिखलात एक फुटकी बादली लाथाडीत होती. पायांत जोडे नाहीत, चेंडूचा पत्ता नाही. खेळ मात्र अस्सल फुटबॉलचा! सरांनी त्यांना चेंडू दिला. त्यांच्या ध्यानात आले की, जितका वेळ ही पोरे मैदानावर असतात, तितका वेळ ती वाईट नादापासून दूर असतात. मग त्यांनी स्पर्धाच भरवली. तिला १२८ संघ आले! नाव ठेवले ‘झोपडपट्टी फुटबॉल’. काही भल्या लोकांना ते खटकले. पण खेळ ज्यांचा, नावही त्यांचेच, यावर सर ठाम राहिले.

निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी शहराबाहेर जमीन घेतली. पत्नी रंजनाताईंची साथ होतीच. अमेरिकेतून परतलेला मुलगा अभिजित याने कामाला ‘स्लम सॉकर’ म्हणून देशभर नेले. गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला अखिलेश पॉल २०१० साली रिओ येथील बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कप्तान झाला, आणि पुढे स्वतःच पोरांना शिकवू लागला. २०१६ मध्ये फिफाने संस्थेला पुरस्कार दिला. २०२२ साली नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन यांनी सरांवर बेतलेली भूमिका केली.

चषक कपाटात राहतात, चित्रपट पडद्यावरून उतरतात. शिकलेला पोरगा दुसऱ्याला शिकवू लागतो, तीच गुरूची खरी मिळकत.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत कुंपणात चेंडू आला, तर तो परत टाकताना त्या पोराचे नावही विचारून पाहा.