मुशी व पाकट

मुशी (शार्क) व पाकट हे उपास्थिमीन वर्गातील मासे होत. त्यांचा सांगाडा हाडांचा नसून लवचिक उपास्थीचा असतो. मुंबई, ठाणे व भिवंडी परिसरातील बाजारांत लहान मुशी ‘मोरी’ या नावाने विकली जाते.

मुशीच्या कल्ल्यांच्या पाच ते सात फटी डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. पाकटात त्या पोटाकडे असतात. त्यामुळे करवत मासा दिसायला मुशीसारखा असला, तरी त्याची गणना पाकटांच्या गटात होते. पाकटाचे रुंद अंसपर डोक्याला जुळून शरीराला चकतीचा आकार येतो. वाळूत पुरून बसलेला पाकट डोळ्यांमागील श्वासरंध्रांतून पाणी आत घेतो. अनेक पाकटांच्या शेपटीवर दातेरी विषारी काटा असतो. मासा मेल्यावरही तो धोकादायक असतो.

या माशांना वाताशय नसतो. मोठे, तेलयुक्त यकृत मुशीला तरंगण्यास मदत करते. त्वचेवर दातांसारख्या रचनेचे सूक्ष्म खवले असल्याने शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवल्यास ती खरखरीत लागते. तुंडावरील लोरेंझिनी कुंभिकांमुळे भक्ष्याचे क्षीण विद्युत्क्षेत्रही जाणवते. समुद्राच्या खारेपणाशी समतोल राखण्यासाठी शरीरात यूरिया साठवलेला असतो. शिळ्या मोरीला येणारा अमोनियाचा उग्र वास त्यामुळेच. बुल शार्क मात्र हे प्रमाण कमी करून नदीतही शिरू शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने एका तरुणाच्या पायाचा चावा घेतला होता.

नराच्या अधरपरांलगत दोन आलिंगक असतात आणि फलन मादीच्या शरीरात होते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विपुल आढळणारी, एक मीटरपेक्षाही लहान मुशी स्कोलिओडॉन लॅटिकॉडस हिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे मुशींमध्ये सर्वांत लहान असते. त्यात पीतक नगण्य असल्याने गर्भाचे पोषण अपरेद्वारे होते. सुमारे पाच-सहा महिन्यांनी १२ ते १५ सेंटिमीटर लांबीची पिल्ले जन्मतात. एव्हेंजेलिन थिल्लयम्पलम यांनी १९२८ मध्ये स्कोलिओडॉनच्या शरीररचनेवर सविस्तर ग्रंथ लिहिला. भारतातील प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांत विच्छेदनासाठी दीर्घकाळ हाच मासा वापरला जाई.

हाडांचे बरेच मासे हजारो, लाखो अंडी घालतात. मुशीला मोजकीच पिल्ले होतात. गाभण मादी जाळ्यात सापडली की पुढची पिढीही तिच्याबरोबर जाते. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये व्हेल शार्क, करवत मासे आणि काही अन्य जातींचा समावेश झाला. २०१५ मध्ये शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी आली. स्थानिक बाजारातील मोरीला ती लागू नाही.