कार्यरत स्मृती आणि मागे पडणारे मूल

वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला मराठीत एकाक्षरी नाव आहे : ‘ढ’. या नावामागे लिपीचा इतिहास सांगितला जातो. आपल्या जिल्ह्यातील कुडा लेण्यांत दात्यांचे जे शिलालेख आहेत, ते ब्राह्मी लिपीत आहेत. त्या लिपीतील बहुतेक अक्षरांची रूपे पुढील दोन हजार वर्षांत इतकी पालटली की आजच्या वाचकाला ती ओळखू येत नाहीत. ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला. कितीही शिकवले तरी ज्याच्यात बदल होत नाही तो ‘ढ’, अशी ही व्युत्पत्ती. ती खरी असो वा नसो, तिच्यातील गृहीतक अजून वर्गावर्गांत जिवंत आहे : काही मुले मुळातच शिकू शकत नाहीत.

हे गृहीतक आपल्या समाजाला चांगले परिचयाचे आहे. बुद्धी जन्माने ठरते असे सांगून ज्यांना पिढ्यानपिढ्या विद्येपासून दूर ठेवले गेले, त्यांच्या मुला-नातवंडांसाठी अशा निवासी शाळा उभ्या राहिल्या. तेव्हा ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही’ हे वाक्य इथे कुणाच्या तोंडी आले, तर त्याची चिकित्सा करणे हे आम्हा शिक्षकांचे कर्तव्यच ठरते. मानसशास्त्राने गेल्या काही दशकांत शिकण्यातील अडचणींच्या एका महत्त्वाच्या कारणाचा उलगडा केला आहे. ते कारण म्हणजे कार्यरत स्मृतीची मर्यादा.

स्मृती म्हटले की आपल्याला पाठांतर आठवते. परंतु पाठ केलेली कविता वर्षानुवर्षे जपणारी स्मृती निराळी आणि हातातले काम पुरे होईपर्यंत लागणारी माहिती काही क्षण धरून ठेवणारी स्मृती निराळी. या दुसरीला कार्यरत स्मृती म्हणतात. तिला मनातील पाटी समजावे. ४७ आणि ३८ यांची तोंडी बेरीज करताना सात आणि आठ पंधरा, पाच ठेवले, हातचा एक, हे सारे त्या पाटीवर लिहिले जाते. कुणी मध्येच हाक मारली की पाटी पुसली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशा तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा सुमारे सात घटकांची असल्याचे मांडले. पुढील संशोधकांच्या मते ती चारच्या आसपास आहे. १९७४ साली ॲलन बॅडले आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश संशोधकांनी कार्यरत स्मृतीची रचना मांडली : ऐकलेले शब्द धरणारा एक भाग, पाहिलेले धरणारा दुसरा आणि या दोहोंवर लक्ष ठेवणारा नियंत्रक.

ही पाटी वयानुसार मोठी होत जाते. पण एकाच वर्गातील मुलांतही तिच्या आकारात मोठा फरक असतो. ‘गणिताची वही काढा, चोविसावे पान उघडा, तिसरे उदाहरण सोडवा आणि वही टेबलावर आणून ठेवा,’ ही सूचना ऐकून लहान पाटीचे मूल वही काढते आणि थांबते. फळ्यावरील वाक्य ते एकेक अक्षर पाहून उतरवते आणि मध्येच ओळ हरवते. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते, म्हणून वाचलेल्याचा अर्थ लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस किंवा बेशिस्त वाटते. वास्तविक मुलाने प्रयत्न केलेला असतो. पाटीवर जागा उरलेली नसते.

आपल्या भाषेतही या पाटीवर भार टाकणाऱ्या जागा आहेत. ‘पंचवीस’ ऐकताना पाच आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र आधी दोन. तोवर पाच मनात धरून ठेवावे लागतात. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकून त्यातून एक वजा करावा लागतो. ‘कि’ लिहिताना उच्चार आधी ‘क’चा, पण हात आधी वेलांटीकडे न्यावा लागतो. ‘सूर्य’मधील रफार ज्याच्या आधी उच्चारायचा, त्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा मोठा वाद झाला आणि तो विधिमंडळापर्यंत पोहोचला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते : जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात, त्यांना एक सोपी वाट द्यावी. भाषेच्या सौंदर्याची बाजू अनेकांनी हिरिरीने मांडली. अडखळणाऱ्या मुलाची बाजू त्या गदारोळात फारशी ऐकू आली नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. कार्यरत स्मृती कमी असणे हा स्वतंत्र आजार नाही. मात्र डिस्लेक्सिया म्हणजे वाचनातील अक्षमता आणि डिस्कॅल्क्युलिया म्हणजे गणितातील अक्षमता असणाऱ्या अनेक मुलांत ही अडचण आढळते. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना सवलती लागू केल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयासारख्या ठिकाणी ही तपासणी होते. श्रीवर्धन-म्हसळ्याकडील मजुराला मात्र त्यासाठी रोजगार बुडवून मुंबई गाठावी लागते. शहरातील सुशिक्षित पालकाच्या मुलाला प्रमाणपत्र मिळते आणि आपल्या मुलाला ‘ढ’ हे नाव मिळते. हक्क कायद्यात असूनही हाती न पोहोचणे हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणूनच तो निमूट सोसू नये.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. घरी आगरी, कोळी किंवा कातकरी बोली बोलणारे मूल प्रमाण मराठीत चाचपडते, तेव्हा ती अक्षमता नसते. नवी भाषा समजून घेण्यातच त्याची पाटी भरून जाते. उपाशी, अपुरी झोप झालेल्या आणि भ्यायलेल्या मुलाचेही तसेच होते. भीतीचे विचार त्याच पाटीवर जागा अडवतात. छडी उगारून पाढा विचारला की येत असलेला पाढाही विसरतो तो यामुळे. निवासी शाळेत जेवण, झोप आणि निर्भयता या तिन्ही गोष्टी आपल्या हाती असतात, हे आपले मोठे बळ आहे.

मग करावे काय? पाटी मोठी करण्याचा दावा करणारे संगणकीय खेळ बाजारात आहेत. त्या खेळांतील गुण वाढतात, पण वाचन-गणितात फारसा लाभ होत नाही, असे संशोधन सांगते. त्यापेक्षा भार हलका करावा. सूचना एका वेळी एकच द्यावी आणि मुलाकडून ती पुन्हा वदवून घ्यावी. उदाहरणाच्या पायऱ्या फळ्यावर लिहून ठेवाव्यात. मणी, काड्या, चित्रे हाताशी असू द्यावीत. समजून घेतलेले पाढे मात्र पाठ असावेत. आम्ही घोकंपट्टीचे समर्थक नाही; परंतु सात आठे छप्पन्न आपोआप आले, तर पाटीवरील जागा पुढच्या विचारासाठी मोकळी राहते.

बौद्ध परंपरेत चूळपंथक भिक्खूची कथा आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथाही पाठ झाली नाही, तेव्हा थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. भगवान बुद्धांनी त्याला थांबवले, एक स्वच्छ पांढरे वस्त्र हाती दिले आणि एक छोटा शब्द म्हणत ते चोळत बसण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले, तसे त्याला अनित्यतेचे ज्ञान झाले आणि तो अर्हत झाला, असे अट्ठकथा सांगते. शिकवणाऱ्याने चार चरणांच्या जागी एक शब्द दिला, डोळ्यांपुढे वस्तू ठेवली आणि पुरेसा अवधी दिला. शिष्य तोच होता.

पालकांना आमची विनंती आहे की आठव्या-नवव्या वर्षीही मूल वाचनात सतत अडखळत असेल, तर त्याला बोल न लावता शिक्षकांना भेटावे आणि तपासणीचा आग्रह धरावा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे मुंबई-पनवेलला स्थिरावले आहेत, त्यांनी तपासणीसाठी येणाऱ्या एखाद्या कुटुंबाची रात्रीची सोय करावी, सोबत रुग्णालयात जावे, अर्ज भरून द्यावा. एका मुलासाठी एवढे झाले, तरी त्याच्या दहावीच्या परीक्षेत त्याला हक्काचा वाढीव वेळ मिळेल.